उसन्या जोडीचा मान

आमच्या गावात पोळ्याला एकच बैलजोडी वेशीतल्या तोरणाखालून दोनदा जायची. एकदा सगळ्यांच्या आधी आणि एकदा सगळ्यांच्या शेवटी. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. आमच्या गावात मात्र कोणी हसत नसे, कारण त्यात हसण्यासारखं काही आहे हेच कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्याही आलेलं नव्हतं, आणि मी तर हिंगोलीच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस.

गाव सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या बाजूला. पोळ्याचा पहिला मान आमच्या घराचा. आमची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्याच्या बैलाने खूर उचलायचा नाही. हा मान कोणी दिला याबद्दल घरात एकमत नाही. आजोबा म्हणत, निजामाच्या अंमलदाराने लिहून दिला. वडील म्हणत, मारुतीरायाने स्वप्नात येऊन दिला. चुलते म्हणतात, गावाने दिला. म्हणजे कायदा, धर्म आणि समाज या तिघांनीही आम्हाला मान दिला, असं आमच्या घरचं म्हणणं. बैल मात्र तिघांपैकी कोणीच दिले नाहीत, ते आपले आपल्यालाच पाळायचे होते. वडिलांनी ते विकले आणि ट्रॅक्टर घेतला.

ट्रॅक्टर तोरणाखालून न्यावा असाही एक विचार निघाला होता, पण बाशिंग कुठे बांधायचं यावर तो अडला. मग जोडी उसनी आणायचं ठरलं. भावकीत दोघांचे बैल होते, पण वडील तिकडे गेले नाहीत. आज जोडी दिली की उद्या मान मागतील, ही त्यांना धास्ती. ज्याला मान मागताच येणार नाही अशा माणसाची जोडी आणावी, असं त्यांनी ठरवलं आणि बौद्धवाड्यातल्या माझ्या वर्गमित्राच्या गोठ्यापुढे जाऊन उभे राहिले. या हुशारीचं गावात फार कौतुक झालं.

जोडी होतीच तशी. लाल कंधारी, रंग तापल्या तव्यासारखा, शिंगं एका मापाची. पोळ्याच्या दिवशी दुपारी ती आमच्या अंगणात यायची. आमची झूल, आमचे गोंडे, आमचं बाशिंग. दोरी वडिलांच्या हातात. बँड वाजायचा, नारळ फुटायचा, तोरण तुटायचं आणि जोडी मारुतीला पाच फेऱ्या घालून मोकळी व्हायची. मग शाळेच्या मागे तिच्या अंगावरून आमची झूल उतरायची, तिथे वाट पाहत थांबलेला माझा वर्गमित्र स्वतःची झूल चढवायचा आणि तीच जोडी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. त्याची पाळी येईपर्यंत तोरण तुटलेलं, बँडवाले चहाला गेलेले. बैलांना पुढे पुढे सवयच लागली. पहिली फेरी संपली की ते न हाकता शाळेकडे वळायचे.

वडील गेल्यावर दोरी माझ्याकडे आली. पोळ्याच्या सकाळी मी हिंगोलीहून जायचो, फेटा बांधायचो आणि दहा मिनिटं मानकरी व्हायचो. बैलांना माझा हात परका, पण ते समजूतदार होते.

हा माझा वर्गमित्र आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. पुढे मी त्याला 'तू' म्हणत राहिलो आणि तो मला 'तुमी' म्हणायला लागला. हा बदल नेमका कधी झाला ते मला आठवत नाही. मी तो होऊ दिला एवढं आठवतं.

गेल्या खेपेला, पोळ्याच्या पंधरा दिवस आधी, तो माझ्या हिंगोलीच्या घरी आला. फवारणीचं औषध न्यायला शहरात आला होता. खुर्चीच्या कडेवर बसला, चहा संपवला आणि कप खाली ठेवून म्हणाला,

"गुरुजी, यंदा पहिल्या फेरीला दोरी मी धरतो."

मला वाटलं त्याने काहीतरी दुसरं म्हटलं असेल. तो शांतपणे पुढे बोलला. "झूल तुमचीच राहू द्या. नाव बी तुमचंच पुकारू द्या. तुमी फेटा बांधून म्होरं चाला. फकस्त दोरी माझ्या हातात द्या. डावा बैल आता थकला. पुढचा पोळा त्याला गावन असं वाटत न्हाई. इतकी वर्सं पहिला चालला त्यो, पण माझ्या हातात येतो तवर वाजा बंद झालेला ऱ्हातो. एकदा वाजत्या बँडात मी त्याला न्यावं, असं मनात हाय."

"बघू," मी म्हणालो.

आता मागणी किती लहान होती पाहा. मान मागितला नाही, जमीन मागितली नाही. स्वतःच्या बैलाची दोरी स्वतःच्या हातात मागितली. मी फळ्यावर 'समता' हा शब्द इतक्या वेळा लिहिला आहे की त्यातला 'स' माझ्या हातून झोपेतही वळणदार निघेल. पण दोरीचा प्रश्न अभ्यासक्रमात कधी आला नव्हता. म्हणून मी ठरवलं, जाणकारांना विचारावं.

पोळ्याआधी गावात शांतता कमिटीची बैठक होते. आमचे बैल शांत असतात, कमिटी माणसांसाठी असते. ठाण्याचे साहेब येतात, ग्रामपंचायतीच्या खोलीत चहा होतो आणि 'मागील प्रथेप्रमाणे पोळा शांततेत पार पाडावा' या कागदावर सगळे सही करतात. मागील प्रथा कोणती हे कागदावर लिहिलेलं नसतं. बैठक उठल्यावर मी साहेबांना बाजूला घेतलं आणि प्रकरण सांगितलं. सांगताना चेहरा जमेल तेवढा चिंतेचा केला.

"त्यात काय?" साहेब म्हणाले. "कायद्याने कुठेच आडकाठी नाही. उलट कोणी अडवलं तर गुन्हा आहे."

"ते खरं, पण काही गडबड झाली तर?"

"गडबड झाली तर आम्ही आहोत ना! गुरुजी, तुम्ही तर नागरिकशास्त्राचे. मान तुमच्या घरचा आहे, तुमची हरकत नाही एवढं दोन ओळींत लिहून द्या. मी दोन शिपाई जास्तीचे पाठवतो."

मी खिसे चाचपले आणि पेन नाही असं म्हणालो. पेन वरच्या खिशाला लावलेलं होतं. साहेबांनी ते पाहिलंही असेल, पण ते सभ्य गृहस्थ होते.

कायदा असा फितूर निघाल्यावर मी धर्माकडे गेलो. मारुतीचे पुजारी देवळाच्या ओट्यावर वाती वळत बसले होते. मी विचारलं, "महाराज, मानाच्या जोडीची दोरी मानकऱ्याशिवाय दुसऱ्याने धरली तर शास्त्राला चालतं का?"

"शास्त्रात पोळ्याचं काय लिवलंय मला ठावं न्हाई," पुजारी म्हणाले. "मी नारळ फोडून राहिलो ते बापानं फोडला म्हणून. देव बैलाकडं पाहतो. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण हाय हे त्यो काहून पाहील?"

"पण विटाळबिटाळ?"

त्यांनी वात वळायची थांबवली. "इतकी वर्सं बैल त्यायच्याच गोठ्यातून येऊन राहिले. तवा कधी इच्यारलं न्हाई तुमी."

हे उत्तर मला उद्धट वाटलं. धर्माची ही घसरण पाहून वाईट वाटलं आणि मी समाजाकडे वळलो. समाज म्हणजे आधी भावकी आणि भावकी म्हणजे चुलते. चुलते बाजेवर गुडघ्याला तेल चोळत होते.

"माझं काय न्हाई बाबा," ते म्हणाले. "मला तर आता वेशीपर्यंत चालणं होत न्हाई. पण लोक काय म्हणतील?"

हे ऐकून मला हायसं वाटलं. शेवटी लोक सापडले होते. आता फक्त त्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं म्हणून मी दोन दिवस गावात लोक शोधत फिरलो. पिठाच्या गिरणीवाला म्हणाला, माझं काही नाही, लोकांचं पाहा. स्टँडवरचा हॉटेलवाला म्हणाला, आपल्याला काय, लोकांनाच विचारा. आमच्यामागून ज्यांची जोडी जाते त्या दुसऱ्या मानाच्या घरी गेलो. तिथे तरी भांडण होईल अशी आशा होती. त्या मानकऱ्याने मला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाला, "तुमची दोरी, तुमी कोणालाबी द्या. फकस्त माझा दुसऱ्याचा तिसरा नंबर करू नका." सगळ्या गावात 'नाही' म्हणणारा एक माणूस मिळेना. मी तर इतका घायकुतीला आलो होतो की कोणी नुसतं तोंड वाकडं केलं असतं तरी भागलं असतं.

आता हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. मला ती दहा मिनिटं आवडत होती. शाळेत मी साधा मास्तर होतो, निवृत्तीनंतर तेही राहिलो नाही. भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली मला 'ओ काका' म्हणते. वर्षातून एकदा फेटा बांधून, कोणाचे का असेनात, देखणे बैल धरून मी वेशीतून जायचो आणि गाव माझ्यासाठी थांबायचं. दोरी सोडली तर मी नुसता फेटा बांधलेला म्हातारा उरणार होतो. वडिलांनी सांभाळलेलं माझ्या हातून सुटलं असं चारचौघांत म्हटलं जाईल, ही भीती होतीच. पण खरी गोष्ट आवडण्याची होती आणि तिची मला लाज वाटत होती. म्हणून मला दुसऱ्या कोणाची तरी 'नाही' पाहिजे होती.

ती मिळाली नाही, तेव्हा मी ती तयार केली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीच्या सकाळी, मी त्याच्या शेतावर गेलो. सोयाबीन शेंगांनी भरलं होतं. तो बांधावर बैलांसाठी गवत कापत होता. मला पाहून उभा राहिला आणि हातातला विळा खाली ठेवला.

मी बोलायला लागलो. म्हणालो, माझं स्वतःचं तर काहीच नाही, मला आनंदच आहे. पण साहेब म्हणाले, कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न होईल, लेखी आदेश मागील प्रथेचा आहे. पुजाऱ्यांचं म्हणणं पडलं की शास्त्राला सोडून होईल, उगाच देवाच्या दारात वाद नको. भावकी तर खवळलीच आहे, गावातही कुजबुज आहे, मी बऱ्याच जणांशी बोललो, समजूत घातली, पण लोक अजून तयार नाहीत. पुढच्या वर्षी आपण नक्की काहीतरी करू. मी उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोललो असेन. चांगलं बोललो. तास घेताना मुद्दे कसे मांडावेत याची मला सवय आहे.

तो सगळा वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "बरं."

"उद्या दुपारी बैल पाठवशील ना?"

"पाहू," तो म्हणाला आणि गवत कापायला वाकला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता अंगणात झूल पसरली होती, गोंडे मोकळे करून ठेवले होते. माझा पुतण्या बैल आणायला गेला आणि मोकळ्या हाताने परत आला.

"बैल न्हाई येऊन राहिले," तो म्हणाला. "घरीच पोळा करू म्हणे. पहिल्याला बी न्हाई, शेवटच्याला बी न्हाई."

मग जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा आहे. वेशीत बँडवाले उभे, तोरण बांधलेलं, मागे बैलांची रांग. मानाची जोडी गेल्याशिवाय कोणी हलू शकत नाही आणि मानाची जोडी तर नाही. दुसऱ्या मानाच्या बैलांनी उन्हात माना टाकल्या. ऐन वेळी कोणीही आपले बैल आम्हाला द्यायला तयार होईना, कारण मग स्वतःचा नंबर सोडून शेवटी कोण उभं राहणार? साहेबांना फोन गेला. चुलत्यांना खुर्चीसकट वेशीत आणलं. आणि चुलत्यांनीच तोड काढली.

घरोघरी बायका पोळ्याला मातीचे बैल पूजतात. आमच्याही देवघरात बायकोने बाजारातून आणलेली एक जोडी होती, वीतभर उंच, पांढरी, निळ्या शिंगांची. चुलते म्हणाले, "मातीचे असले म्हणून काय झालं? बैल ते बैलच."

आणि बघता बघता सगळे राजी झाले! पुजारी म्हणाले, मातीच्या बैलाला तर घरोघर निवद दाखवतात, देवाला चालतंय. साहेब फोनवर म्हणाले, कागदावर 'मागील प्रथेप्रमाणे' एवढंच आहे, जोडी कशाची ते लिहिलेलं नाही, आमची हरकत नाही. दुसऱ्या मानकऱ्याने फक्त आपला नंबर दुसराच राहतो ना, याची खात्री करून घेतली. जिवंत माणसाच्या हातात दोरी द्यायला माझ्याकडून लेखी हवं होतं. मातीच्या बैलांसाठी कोणी दोन ओळी मागितल्या नाहीत. दहा मिनिटांत कायदा, धर्म आणि समाज यांचं एकमत झालं. गावाच्या इतिहासात तसं पहिल्यांदाच झालं असावं.

तर मी फेटा बांधून, ताटात मातीचे बैल घेऊन निघालो. पुढे एक शिपाई काठीने गर्दी बाजूला करत होता. बँड जोरात वाजत होता. आमच्या घराचं नाव पुकारलं गेलं. तोरणाखाली मी ताट उंच धरलं तेव्हा एका बैलाचं शिंग माझ्याच फेट्याला लागून तुटलं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी अंगठ्याने दाबून धरलं. मारुतीच्या तिसऱ्या फेरीला मागच्या खऱ्या बैलाने मान पुढे काढून ताटातल्या बैलाची पाठ चाटली. चुना आवडला असावा. पाचव्या फेरीपर्यंत मानाची जोडी अर्धी पांढरी, अर्धी मातकट झाली होती. एकही माणूस हसला नाही. सगळे हात जोडून उभे होते. मला त्या वेळी मनापासून वाटलं की कोणीतरी मोठ्याने हसावं आणि मला यातून सोडवावं.

दिवेलागणीला बायकोने ताट भरलं. ज्यांच्या जोडीने इतकी वर्षं घराचा मान राखला त्यांना आज पुरणपोळी नको का, असं म्हणून तिने मला घराबाहेर काढलं. तिला शेतावरचं माझं भाषण माहीत नव्हतं.

त्याच्या अंगणात बैल बांधलेले होते. शिंगं रंगवलेली, गळ्यात नवे गोंडे, अंगावर त्याची स्वतःची झूल. डावा बैल बसला होता. मी जवळ गेलो तरी उठला नाही, नुसती मान वळवली. त्याचा तो शेवटचा पोळा ठरला, माघात गेला तो. माझा वर्गमित्र त्याच्या शेजारी जमिनीवर बसून त्याचा खांदा चोळत होता. मी ताट पुढे केलं. त्याने पोळी घेतली, तिचे तुकडे केले आणि दोन्ही बैलांना भरवले. मला बसायला खाट दाखवली.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "यंदा नाही जमलं. लोकांनी ऐकलं नाही रे. पुढच्या वर्षी..."

"गुरुजी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्याकडं यायच्या आधी मी ठाण्यात जाऊन आलतो. साहेब म्हणले, खुशाल धर. पुजाऱ्याला इच्यारलं, त्यो म्हणला, देवाला काय फरक पडते. तुमच्या चुलत्याच्या पाया पडून आलो. दुसऱ्या मानवाल्याच्या घरी बी गेलतो. कोणीच न्हाई म्हणलं न्हाई. मी येऊन गेलो हे गुरुजीला सांगू नका, मीच बोलतो, असं समद्यायला म्हणलं. तुमच्याकडं शेवटी आलो. म्हणलं, गुरुजीचं काय, एका बाकावरचे हायेत. त्यायला इच्यारायचं न्हाई, नुसतं सांगायचं हाय."

माझ्या हातात रिकामं ताट होतं. ते कुठे ठेवावं हे मला कळेना.

"मग काल शेतात बोलला का नाहीस?" मी विचारलं. "मी एवढं सगळं खोटं सांगत होतो तेव्हा अडवायचं ना मला."

तो बैलाच्या खांद्यावरून हात फिरवत राहिला.

"तुमच्या तोंडाकडं पाहत होतो मी," तो म्हणाला. "वाटलं, साहेबाचं झालं, आता थांबतील. पुजाऱ्याचं झालं, आता तरी थांबतील. तुमी थांबलेच न्हाईत."